सोलारिस अपग्रेडनंतर पहिला बूट गोड, दुसरा कडू

गेल्या आठवड्यात सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतून एका ओळखीच्या पोराचा फोन आला. विषय सोलारिसचा, म्हणजे सन कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, आणि तिच्यावर डिस्क सांभाळणाऱ्या व्हेरिटास या सॉफ्टवेअरचा. "दादा, सोलारिस नऊचं दहा केलं, मशीन झकास वर आली. मग व्हेरिटास टाकलं, रीबूट मारला, आणि आता येड्यासारखं करतंय. काही कमांड चालतात, काही म्हणतात लायब्ररीच नाही."

मी विचारलं, "मिरर तोडला होतास का अपग्रेडच्या आधी?"

"तोडायचा कशाला? तो तर सेफ्टीला ठेवलाय."

मिरर म्हणजे एका डिस्कची दुसऱ्या डिस्कवर सतत लिहिली जाणारी हुबेहूब प्रत. तो सेफ्टीला ठेवलाय, हे तिसऱ्यांदा ऐकतोय. पहिल्यांदा हे वाक्य मी स्वतःच म्हटलं होतं, २००७ च्या पावसाळ्यात, आपल्याच जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या ईडीपीत, म्हणजे कॉम्प्युटर विभागात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. कमांड मी फोनवर बोलून सांगतो तशाच लिहिल्यात, टाइप करताना आपापलं स्पेलिंग सांभाळा.

आधी लक्षणं. सोलारिस ८ किंवा ९ असलेली स्पार्क मशीन, बूट डिस्क व्हेरिटास व्हॉल्यूम मॅनेजरने एन्कॅप्सुलेट केलेली, म्हणजे रूट, स्वॅप, व्हार या साध्या स्लाइस (डिस्कचे पाडलेले भाग) त्याने आपल्या व्हॉल्यूममध्ये घेतलेल्या, आणि दुसऱ्या डिस्कवर त्यांचा मिरर. डीव्हीडीवरून अपग्रेड करता. पहिल्या बूटला सगळं नवं दिसतं. व्हॉल्यूम मॅनेजर परत चालू करून रीबूट केला की मात्र इटीसीतली रिलीज फाइल (सोलारिसचं व्हर्जन सांगणारी) कधी दहा दाखवते, तर कधी नऊ. लोडर लायब्ररी उघडत नाही म्हणून ओरडतो. कुठल्याही फाइलचं सीकेसम (मजकूर बदलला की बदलणारा पडताळणीचा आकडा) रीबूटच्या आधी एक आणि नंतर दुसरंच. तेवढ्यात कुणीतरी एफएससीके हायफन वाय (फाइलसिस्टिम दुरुस्तीची कमांड) मारतं आणि उरलंसुरलं पण जातं.

खात्री करायची असेल तर मशीन बंद करा, ओके प्रॉम्प्टवरून (सोलारिस चढण्याआधीचा स्पार्कचा प्रॉम्प्ट) बूट सीडीरॉम हायफन एस करा, आणि दोन्ही डिस्कची रूट स्लाइस आळीपाळीने फक्त रीड-ओन्ली माउंट करून रिलीज फाइल वाचा. आमच्याकडे सी१टी०डी०एस० (पहिल्या डिस्कची रूट स्लाइस) म्हणत होती सोलारिस १०, आणि सी१टी१डी०एस० (दुसरीची) म्हणत होती सोलारिस ९. इतकं दिसलं की बाकी काही शोधायची गरज नाही, रोग तोच.

आता हे का होतं. डीव्हीडीवरून बूट झालेल्या इन्स्टॉलरला व्हेरिटास नावाचा प्राणी माहीतच नसतो. त्याला दिसतात त्या स्लाइस. तुम्ही त्याला पहिल्या डिस्कची स्लाइस दाखवता, तो इमानदारीत तेवढीच अपग्रेड करतो. दुसरी डिस्क आहे तशी जुनीच राहते. पण व्हॉल्यूम मॅनेजरची नोंद कुठे असते? ती ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नसते, प्रत्येक डिस्कच्या प्रायव्हेट रीजनमध्ये, म्हणजे त्याने स्वतःसाठी राखलेल्या कोपऱ्यात असते. तिथे अजून लिहिलेलं आहे की रूटव्हॉलचे (रूटच्या व्हॉल्यूमचे) दोन्ही प्लेक्स, म्हणजे दोन्ही डिस्कवरच्या प्रती ॲक्टिव्ह, दोन्ही अगदी सारखे. त्याच्या पाठीमागे एका डिस्कवर लिहिलं गेलं हे त्याला कोण सांगणार? मग वाचताना तो आपल्या नेहमीच्या पद्धतीने एक वाचन या प्लेक्सवरून, पुढचं त्या प्लेक्सवरून असं करतो. आणि कधी त्याला वाटलं की मिरर सिंक करायला हवा, तर एका बाजूचं दुसरीवर चढवतो. कुठला तुकडा कुणावर चढेल ते तुमच्या हातात नसतं.

कारखान्यातल्या मंडळींना मी वजनकाट्यावरून समजावलं होतं. काट्यावर उसाच्या वजनाच्या दोन वह्या आहेत, दोन्हीत एकच नोंद. एका रात्री कारकुनाने एकाच वहीत दुरुस्ती केली, दुसऱ्याला पत्ता नाही. आता ऊसबिल काढणारा एक पान या वहीतून आणि एक पान त्या वहीतून घ्यायला लागला तर शेतकऱ्याच्या हातात काय पडेल? शेती विभागातले अण्णा म्हणाले, "मोर्चा पडंल." बरोबर. इथे मोर्चा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा काढतो.

त्या वेळी आमचं काय झालं ते सांगतो, कारण चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली ते त्यात दिसतं. मशीन सन फायर व्ही४४०, आत चार डिस्क, बाहेर फायबरवर डेटाचा ॲरे. सोलारिस ९, व्हॉल्यूम मॅनेजर ३.५. ओरॅकलच्या नव्या व्हर्जनसाठी अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरवाल्यांना सोलारिस १० पाहिजे होतं. काम बिगरहंगामात, कारण एकदा बॉयलर पेटला की मार्चपर्यंत कुणी मशीनला हात लावू देत नाही. जुलै महिना, कृष्णा फुगलेली, आयर्विन पुलाची पातळी दर दोन तासांनी कुणीतरी खोलीत येऊन सांगत होतं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे सांगलीत पाळण्यातल्या पोराला पण पाठ असतं. २००५ च्या पुरानंतर सर्व्हर पहिल्या मजल्यावर गेला होता, तेव्हा पाण्याची भीती नव्हती, पण घाई होती. घाई झाली की माणूस पायरी गाळतो.

मी डीव्हीडीवरून बूट केलं, पहिल्या डिस्कवरची व्हीएफएसटॅब (बूटला काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) स्लाइसच्या नावांनी बदलली, इटीसीतल्या सिस्टिम फाइलमधल्या रूटडेव्हच्या आणि व्हॉल-रूटडेव्ह-इज-व्हॉल्यूमच्या (रूट व्हॉल्यूमवरून चढव असं सांगणाऱ्या) ओळींपुढे चांदणी टाकली (त्या फाइलमध्ये कॉमेंट चांदणीनेच होते, हॅशने नाही), इन्स्टॉल-डीबी नावाची रिकामी फाइल केली म्हणजे व्हॉल्यूम मॅनेजर बूटला झोपून राहील. अपग्रेड झालं. इथवर एकही चूक नव्हती. मग व्हॉल्यूम मॅनेजर ४.१ टाकलं, इन्स्टॉल-डीबी काढली, आणि मोठ्या शहाणपणाने जपून ठेवलेल्या जुन्या सिस्टिम आणि व्हीएफएसटॅब जागेवर आणल्या. रीबूट. रूट परत व्हॉल्यूमवरून चढली, दोन प्लेक्ससकट.

सकाळी सहाला टेपवरून परत नऊ टाकलं. एमडी साहेबांना सांगितलं, "पावसामुळे काम लांबलं." ते म्हणाले, "पाऊस सर्व्हरच्या खोलीत पडला का?"

तेव्हा आता ज्यांची मशीन या अवस्थेत आहे त्यांच्यासाठी. दुसरा रीबूट अजून केला नसेल तर तुम्ही वाचलात: इन्स्टॉल-डीबी तशीच ठेवा आणि पुढे वाचा. केला असेल तर आधी मशीन बंद करा. जितका वेळ चालू तितका वेळ दोन प्लेक्स एकमेकांत मिसळत राहणार. डीव्हीडीवरून वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही स्लाइस पाहा. सिंक झालेला नसेल आणि एक बाजू पूर्ण नवी सापडली तर नशीब. दोन्हीकडे मिसळ दिसली तर वेळ घालवू नका, टेप काढा. एफएससीके फाइलसिस्टिमचा सांगाडा नीट करतो, पण त्यातली फाइल नऊची की दहाची हे त्याला कळत नाही.

चांगली बाजू सापडली असेल तर दुसरी डिस्क हाताने बाहेर ओढा. अर्धवट नाही, पूर्ण बाहेर, टेबलावर. मग चांगल्या स्लाइसवर पुन्हा तीच कामं: सिस्टिम फाइलमध्ये चांदण्या, व्हीएफएसटॅबमध्ये साध्या स्लाइस (एन्कॅप्सुलेट करताना व्हेरिटासने व्हीएफएसटॅब-डॉट-प्रीव्हीएम नावाची जुनी प्रत ठेवलेली असते, ती बघून लिहा), इन्स्टॉल-डीबी तयार करा, आणि त्याच फोल्डरमधली रूट-डन फाइल असेल तर काढा. मग ओके प्रॉम्प्टवर नुसतं बूट नाही, बूट डिस्क० असं नाव घेऊन करा. एनव्हीरॅममध्ये (बूटच्या सेटिंग जपणारी मेमरी) व्हीएक्स-रूटमिररसारखे जुने अलायस पडून असतात, ते भलतीकडेच नेतात.

मशीन स्लाइसवरून वर आली की व्हीएक्सआयओडी सेट १०, मग व्हीएक्सकॉन्फिगडी डिसेबल मोडमध्ये, मग व्हीएक्सडीसीटीएल एनेबल, म्हणजे व्हॉल्यूम मॅनेजर हाताने जागा होतो. आता व्हीएक्सप्रिंट हायफन एचटीमध्ये रूटव्हॉल, स्वॅपव्हॉल, व्हार अजून दिसतील, एक प्लेक्स डिस्क सापडत नाही म्हणून पडलेला. हे व्हॉल्यूम चालू करायचे नाहीत. व्हीएक्सएडिट हायफन आरएफ आरएमने त्यांच्या नोंदीच उडवा. छाती धडधडते, मला माहीत आहे, पण यात फक्त नोंद जाते, तुमची फाइलसिस्टिम स्लाइसवर बसलेली आहे आणि तिला धक्का लागत नाही. तरी कमांडमध्ये डिस्कग्रुपचं (व्हेरिटास एकत्र हाताळतो त्या डिस्कच्या गटाचं) नाव हायफन जीने स्वतः लिहा. डेटाच्या ग्रुपमध्ये पण कुणी व्हार नावाचा व्हॉल्यूम करून ठेवलेला मी पाहिलाय. नोंदी गेल्याची खात्री झाली की मगच इन्स्टॉल-डीबी काढा.

हे झालं आग विझवणं. आता आग लागूच नये म्हणून कामाचा क्रम. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लिखाणात हा भाग दोन ओळींत उरकतात.

सगळ्यात आधी कोणतं व्हर्जन कोणत्या सोलारिसवर चालतं ते पाहा. व्हेरिटासचा ड्रायव्हर कर्नलच्या आत बसतो, आणि कर्नलच्या व्हर्जनप्रमाणे त्याची वेगळी फाइल लागते. ३.५ सोलारिस ९ वर ठीक आहे, १० वर नाही. ४.१ मात्र ८, ९ आणि १० तिन्हींवर चालतं. लायसन्सची फाइल आहे त्या फोल्डरची प्रत घ्या. व्हीएक्सलिकरेपचं (लायसन्सची माहिती दाखवणारी कमांड) आउटपुट कागदावर छापा. रात्री दोनला लायसन्स की शोधत ईमेल चाळण्यात मजा नसते.

मग नोंदी. व्हीएक्सप्रिंट हायफन एचटी, व्हीएक्सडिस्क लिस्ट, प्रत्येक डिस्कचं प्रीटीव्हीटॉक (स्लाइसचा नकाशा), व्हीएफएसटॅब, सिस्टिम, पाथ-टू-इन्स्ट (डिव्हाइसच्या क्रमांकांची फाइल). हे सगळं दुसऱ्या मशीनवर न्या. त्याच मशीनच्या टेम्पमध्ये ठेवणाऱ्याला मी नमस्कार करतो.

डेटाचा ग्रुप: ॲप्लिकेशन बंद, डेटाबेस बंद, अनमाउंट, व्हॉल्यूम स्टॉप, आणि व्हीएक्सडीजी डीपोर्ट, म्हणजे ग्रुप या मशीनपासून सोडवायचा. नंतर फायबरच्या केबली काढून बाजूला. काहींना हे अतिरेकी वाटतं. ४.० च्या आधीच्या व्हीएक्सइन्स्टॉलमध्ये क्विक इन्स्टॉलेशन नावाचा पर्याय होता, आणि तो समोर दिसेल त्या डिस्क आपल्या ताब्यात घ्यायला निघायचा. एंटर दाबायची सवय झालेला हात आणि जोडलेला ॲरे, याहून महाग जोडी नाही. केबल काढलेली असेल तर काही दाबा.

आता रूट. व्हीएक्सप्लेक्स हायफन ओ आरएम डिसने रूटव्हॉल, स्वॅपव्हॉल, व्हार, जे असतील त्या सगळ्यांचे दुसऱ्या डिस्कवरचे प्लेक्स काढा. ज्या डिस्कवर मुळात सोलारिस टाकलं होतं ती ठेवा, मिररची काढा. उलट करू नका. मिररच्या डिस्कवर काही वेळा फक्त रूटचीच स्लाइस असते, व्हारला स्लाइसच नसते, कारण ती जागा नुसती व्हेरिटासच्या हिशोबात असते. व्हॉल्यूमला एकच प्लेक्स उरला की व्हीएक्सअनरूट चालवा. तो व्हीएफएसटॅब आणि सिस्टिम फाइल स्वतः पूर्ववत करतो, हाताने चांदण्या टाकायची गरज राहत नाही. रीबूट करून डीएफने पाहा की रूट खरंच स्लाइसवरून चढली आहे. व्हेरिटासच्या सीडीवर अपग्रेड-स्टार्ट आणि अपग्रेड-फिनिश नावाच्या दोन स्क्रिप्टही येतात, हेच काम गुंडाळून करणाऱ्या. बरेच जण त्या वापरतात. मला मधली प्रत्येक पायरी डोळ्यांनी पाहायची असते म्हणून मी अनरूटवाला.

परतीची वाट आता तयार करा. मोकळ्या झालेल्या डिस्कवर यूएफएसडम्प आणि यूएफएसरिस्टोर (बॅकअप घेणारी आणि परत टाकणारी कमांड) पाइपने जोडून जुन्या रूटची प्रत घ्या, तिच्यातली व्हीएफएसटॅब त्या डिस्कच्या नावांनी बदला, इन्स्टॉलबूटने बूटब्लॉक लिहा. आणि तिच्यावरून एकदा बूट करून बघा. दहा मिनिटं जातात. मग ती डिस्क बाहेर ओढून ठेवा. "सेफ्टीला मिरर ठेवलाय" म्हणणाऱ्या पोराला जे पाहिजे होतं ते हे आहे. जोडलेला मिरर म्हणजे झालेल्या चुकीचीसुद्धा इमाने इतबारे दुसरी प्रत.

जुनं पॅकेज पीकेजीआरएमने काढा, सोलारिस अपग्रेड करा, पॅच टाका, दोनदा रीबूट. मग नवं व्हॉल्यूम मॅनेजर, त्याचे पॅच, लायसन्स, व्हीएक्सइन्स्टॉल. शेवटी केबली जोडा आणि व्हीएक्सडिस्क हायफन ओ ऑलडीजीएस लिस्ट. ग्रुपचं नाव कंसात दिसतंय म्हणजे तो सापडलाय, फक्त इम्पोर्ट झालेला नाही. नोंद डिस्कवरच असल्यामुळे नवीन ऑपरेटिंग सिस्टिमलाही तो आपसूक ओळखू येतो; हीच गोष्ट रूटच्या बाबतीत मुळावर आली होती. इम्पोर्ट करा, व्हॉल्यूम स्टार्ट करा, माउंट करा. होस्टनेम बदललं असेल आणि ग्रुप आधी डीपोर्ट केला नसेल तर इम्पोर्ट नाही म्हणेल. हायफन सी (कॅपिटल, जुन्या मशीनची नोंद पुसणारा) लागतो. तो मारण्याआधी दुसरी एखादी मशीन त्याच ॲरेवर बसलेली नाही ना, हे खोलीत जाऊन डोळ्यांनी बघा.

दहावर आल्यावर आणखी एक तक्रार हमखास येते: "मशीन पिंग होतेय, पण एसएसएच लागत नाही." सोलारिस १० मध्ये एसएमएफ आलं, म्हणजे सेवा चालू-बंद करणारी नवी व्यवस्था. व्हीएफएसटॅबमध्ये बूटला माउंट करायची म्हणून व्हेरिटासच्या व्हॉल्यूमची एक जरी ओळ असेल आणि तो व्हॉल्यूम अजून वर आलेला नसेल, तर फाइलसिस्टिम-लोकल ही सेवा मेंटेनन्समध्ये जाते, आणि तिच्यावर अवलंबून असलेली एसएसएच पण बसते. कन्सोलवरून एसव्हीसीएस हायफन एक्सव्ही केलं की साखळी दिसते. उपाय साधा: अपग्रेडच्या आधी त्या ओळींचा माउंट-ॲट-बूटचा रकाना नो करा, सगळं स्थिरावल्यावर येस. मिरजेच्या एका ठिकाणी यासाठी मला रात्री अकराला स्कूटर काढावी लागली होती.

व्हीएक्सडीजी अपग्रेडचं एवढंच सांगतो: नवं व्हर्जन जुना डिस्कग्रुप तसाच चालवतं, घाई नाही. ग्रुपचं व्हर्जन ९० वरून १२० वर एकदा नेलं की ३.५ त्याला हात लावू शकत नाही आणि मागे फिरायची कमांड नाही. महिनाअखेर आणि एक पंधरवड्याचं बिल सुरळीत निघाल्याशिवाय मी ती चालवत नाही.

लाइव्ह अपग्रेड का नाही, असं कुणीतरी विचारणारच. जरूर करा. मोकळी डिस्क असेल तर तोच बरा रस्ता: चालू मशीनवर दुसऱ्या डिस्कवर प्रत बनते, अपग्रेड तिच्यावर होतं, आणि लूॲक्टिव्हेटनंतर एका रीबूटमध्ये काम. व्हेरिटासची व्हीएक्सलूस्टार्ट ही स्क्रिप्ट एन्कॅप्सुलेट केलेली रूट सांभाळते. लाइव्ह अपग्रेडची पॅकेज मात्र ज्या सोलारिसवर जायचंय त्याच्या डीव्हीडीवरची टाका, जुन्याची नको. आणि सोलारिस ११ वाल्यांनी हे सगळं सोडून द्या. तिथे रूट झेडएफएस या फाइलसिस्टिमवरच असते, एन्कॅप्सुलेट करायचा प्रश्नच उरत नाही. दहावरून अकरावर सरळ अपग्रेडही होत नाही, नवीनच टाकावं लागतं.

कुपवाडच्या पोराची गोष्ट. दोन्ही स्लाइसमध्ये मिसळ झाली होती, सिंक संपलेला. त्याच्याकडे शुक्रवारची यूएफएसडम्पची टेप होती आणि ती वाचली गेली, एवढं त्याचं नशीब. रविवारी भडंगाची पुडी घेऊन मी गेलो, नऊ परत उभं केलं, आणि वरच्या क्रमाने सगळं पहिल्यापासून. रूटच्या रिलीज फाइलचं सीकेसम तीन रीबूटनंतर तीनदा तेच आलं. मिरर परत जोडायचं काम आठवड्याने ठेवलंय. तोवर जुन्या रूटची डिस्क त्याच्या कपाटात आहे, आणि तिच्यावर त्याने मार्करने लिहिलंय: "जुनं नऊ. दादांना विचारल्याशिवाय आत घालू नये."